भरल्या तिनाहेवर घण घालू नये

पोसोसेको,
रविवार, २ जुलै १९७८

चिरंजीव लेआंद्रो यास थोरला भाऊ उर्बानो याचे पोटापासून आशीर्वाद. सौ. एरलिंदाबाईंना माझा नमस्कार आणि नातवंडांना गोड पापे. (किती पापे ते तूच ठरव. मागच्या नाताळच्या पत्रात तू सहावं नातवंड झाल्याचं लिहिलंस, त्याच्या आदल्या पत्रातही सहावंच झालं होतं. एक तर तेच नातवंड दोनदा झालं असेल, नाहीतर तुला अजून मोजता येत नाही.) हे पत्र हातात पडेल तेव्हा तुझा खोकला गेलेला असावा, तुझी भूक शाबूत असावी आणि तिकडच्या वाळवंटात तुझ्या डोक्यावर टोपी असावी. माझं म्हणशील तर गावच्या मातेच्या कृपेनं उभा राहतो, बसतो, आणि बसलेला परत उठतोही. पंचाहत्तरीत या तिन्ही गोष्टी एका दिवसात जमल्या की तो दिवस सणाचा समजायचा. फक्त गेल्या आठवड्यातल्या शनिवारपासून सर्दीनं धरलं आहे आणि दोन्ही कोपरांची सालटी गेली आहेत. ती कशी गेली तेच सांगायला बसलो आहे. नाताळची वाट न बघता भर उन्हाळ्यात पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. (पाकीट बघून एरलिंदाबाईंनी काळे कपडे काढले असतील तर परत पेटीत ठेवायला सांग.)

गोष्ट आपल्या तिनाहेची आहे. तू घर सोडलंस त्याला एकोणचाळीस वर्षं झाली, तेव्हा विसरला असशील म्हणून आठवण करून देतो. स्वयंपाकघराच्या उजव्या कोपऱ्यात, कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला, पोट सुटलेल्या पाद्रीबुवांसारखा तो रांजण. चौदा साली आपल्या वडिलांनी तो घडवला. खांद्यावर मातीचा जाड वळा घ्यायचा आणि तिनाहेच्या भोवती उलटं चालत चालत तो थापत जायचा, एक वेढा झाला की वाळू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा. मी एकदा हिशेब केला होता, वडील जन्मभरात उलटे चालत रोमपर्यंत जाऊन आले असते, आणि पोपला पाठच दिसली असती. मीही तोच धंदा केला, त्यामुळं मलाही मागं चालायची सवय आहे. लेक सागरारिओ म्हणते, "बाबा, तुम्ही बोलतानासुद्धा उलटेच चालता."

तर ती तिनाहा कोपऱ्यात बसवली तेव्हा घराला भिंती नव्हत्या. भिंती नंतर आल्या, छप्पर त्याच्या नंतर, आणि दार सगळ्यात शेवटी. ती दाराहून वडील आहे, म्हणून दारातून बाहेर निघू शकत नाही. आता चार वर्षांपूर्वी गावात नळ आला. (औषधाची चव लागते. पोटात गेल्यावर वाटतं, आपण आजारी होतो आणि आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.) नळ आल्यावर तिनाहा रिकामी झाली, आणि माझ्या लेकीला त्या कोपऱ्यात न्हाणीघर दिसायला लागलं. तिचं चुकत नाही रे. नळाची नळी तिथंच येते, आणि गेल्या जानेवारीत परसातल्या संडासाकडं जाताना मी बर्फावरून असा घसरलो की कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. पोरगी माझ्यासाठीच करते आहे. जावई ट्रक घेऊन बार्सेलोनाच्या रस्त्यावर असतो, घरात म्हातारा सांभाळायचा तिनंच. तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, सोमवारी मेलितोन गवंडी घण घेऊन येईल. फोडू ना?" मी म्हटलं, "फोड." बापाला मुलीला नाही म्हणता येतं ते ती सात वर्षांची होईपर्यंत. पुढं नुसती मान हलवायची.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माद्रिदहून बेगोन्या नावाची एक बाई आली. बाई म्हणजे पोरगीच, सव्वीस वर्षांची, पायात पुरुषी बूट, पाठीवर पिशवी. ती शब्द गोळा करते. आपण बोरं गोळा करायचो तशी, काटे लागले तरी. तिच्याजवळ एक वही, वहीत भांड्यांची चित्रं. चित्र पुढं करायचं आणि विचारायचं, याला तुमच्यात काय म्हणतात, कशाला वापरायचे, आजोबा काय म्हणायचे. मी म्हटलं, "का गं बाई, माद्रिदला मडक्यांची नावं संपली काय?" तर म्हणते, "काका, माद्रिदला मडकीच संपली." तिथंच मला ती आवडली. तिला म्हटलं बस, आणि आपल्या बोतिहोतून, त्या तोटीच्या सुरईतून, पाण्याची धार तोंडात घ्यायला दिली. अर्धी धार गळ्याखाली गेली, ती बाहेरून. पण हसली, रुसली नाही.

तिनं सांगितलं, दर चार कोसांवर त्याच सुरईचं नाव बदलतं, आणि प्रत्येक गाव तिला सांगतं की खरं नाव आमचं, शेजारच्या गावाला अक्कल नाही. मी म्हटलं, "ते बरोबरच आहे. शेजारच्या गावाला अक्कल नाहीच." तेही तिनं लिहून घेतलं. मग मी तिला समजावलं, की हे बघ, सुरई तहानेची, घागर कमरेची आणि तिनाहा घराची. सुरई फुटली तर बाजारात मिळते, घागर फुटली तर पोरगी रडते, पण तिनाहा फुटली तर घरातलं माणूस गेल्यासारखं होतं. हे बोललो आणि सोमवार आठवला.

तिच्या कागदावर तिनाहेचा अर्थ लिहिलेला होता. मोठं, भाजलेल्या मातीचं, काठाशी निमुळतं, पोटाशी फुगलेलं, बैठकीवर किंवा जमिनीत बसवलेलं, पाणी, दारू नाहीतर तेल ठेवण्याचं भांडं. मी विचारलं, "आणि गहू?" यादवी लढाईनंतरच्या उपाशी वर्षांत आपण तिनाहेत गहू लपवला होता, वर नावाला एक परात पाण्याची, तिच्यावर झाकण, आणि सरकारी तपासनीस त्याच झाकणावर बसून आईच्या हातचं कांदा-टोमॅटोचं कालवण पुसूनपुसून खाऊन गेला. (तू तेव्हा गेलेला होतास, म्हणून सांगतो. आई त्याला सारखी म्हणत होती, "साहेब, सावकाश खा, उठूच नका.") बेगोन्यानं अर्थाच्या खाली गहू लिहिला. शब्दकोशाला एक ओळ आपल्या घरातून गेली, हे लक्षात ठेव.

मग तिनं मला त्या शब्दाची सगळी कुळकथा सांगितली. तिनाहेची आजी लॅटिन, तिचं नाव तिना. पुढं आपले लोक गलबतांत बसून जगभर गेले तेव्हा हा शब्दही गेला. फिलिपिन्सच्या बेटांवर तर त्याचं मापच झालं, इतक्या तिनाहा तेल, तितक्या तिनाहा दारू. मला हसू आलं. आपल्याकडं दोन तिनाहा कधी सारख्या झाल्या नाहीत, कारण दोन दिवस वडिलांचा मूड सारखा नसायचा. आणि मग ती म्हणाली की मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोराच्या वाळवंटात, खडकातल्या खळग्यात पावसाचं पाणी साठून राहतं, महिनोन्महिने टिकतं, वाटसरू त्यावर जगतात, आणि त्या खळग्याला तिथले लोक तिनाहा म्हणतात.

मी म्हटलं, "खड्ड्याला? ना काठ, ना झाकण, ना कुणी घडवलेला, आणि तिनाहा?" माझा कुंभाराचा जीव आहे, मला राग आला. पण लेआंद्रो, मग मला दिसलं. कुणीतरी आपल्यासारखाच इकडून गेलेला, मैलोन् मैल उन्हात चाललेला. त्याच्याजवळ माती नाही, भट्टी नाही, बाप नाही. खडकाच्या पोटात गार पाणी बघितलं आणि त्याच्या तोंडून घरातला शब्द निघाला. मी बेगोन्याला म्हटलं, "माझा धाकटा भाऊ तिकडंच असतो." ती म्हणाली, "येतात का कधी?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी येणार आहे." तिनं विचारलं, "किती वर्षांपासून?" शहरातल्या पोरी अशा. सरळ विचारतात.

विषय बदलायला मी तिला तुझ्या पंज्याची गोष्ट सांगितली. तू सहा वर्षांचा होतास. तिनाहेचं पोट झालं, गळा निमुळता व्हायला लागला, तेव्हा वडिलांनी तुला आत उतरवलं, लाकडी फळीनं आतून माती गुळगुळीत करायला. मी अकराचा, अंगानं थोराड, मावलो नसतो, म्हणून बाहेर जळफळत उभा. तू डोक्यापासून पायापर्यंत माखून बाहेर आलास आणि गावभर सांगत सुटलास की मला वर ओढताना मी आत पंजा उमटवला आहे, खांद्याच्या वळणाखाली, बाबांना कळलंच नाही. मी म्हटलं, खोटारडा. तू आईची शपथ घेतलीस. शपथ घेतल्याबद्दल आईनं तुला थोबाडीत मारली. आणि मी शेजारी उभा राहून हसलो. पुढं भाजून, पुरून, पाणी भरल्यावर आई कुणाला आत उतरू देईना. सान हुआनच्या सणाला वर्षातून एकदा तिनाहा धुवायची ती लांब दांड्याच्या झाडूनं, वरूनच. ते वळण वरून दिसत नाही, हात घातला तरी पोचत नाही. तेव्हा चौसष्ट वर्षं तू खोटारडाच राहिलास.

बेगोन्या म्हणाली, "मग आत उतरून कुणी बघितलंच नाही?" बस, एवढंच म्हणाली.

शनिवारी सान हुआन. सागरारिओ प्रार्थनेला देवळात गेली. सोमवारी मेलितोन येणार, म्हणजे बघायचं तर आजच. मी बुटकी खुर्ची दोरीनं आत सोडली, बेगोन्याला बॅटरी धरायला सांगितली आणि हात डोक्यावर घेऊन काठातून आत सरकलो. जाताना लोण्यासारखा गेलो. खुर्चीवर पाय टेकले, आणि खुर्चीनं त्याच क्षणी आपला एक पाय सोडला. मी तिनाहेच्या तळाशी बसलेला, डोक्यावर पुरुषभर उंच गोल उजेड, त्यात बेगोन्याचं तोंड. "काका, लागलं का?" मी म्हटलं, "नाही." माझा आवाज असा घुमला की मलाच वाटलं आतून वडील बोलले.

बॅटरी आत घेतली. उभा राहिलो. काठाखालच्या वळणावर प्रकाश फिरवला आणि, लेआंद्रो, तुझा पंजा तिथं आहे. एवढासा, पाच बोटं पसरलेली. करंगळी वाकडी, विहिरीच्या दोरात सापडलेली. तळव्याच्या कडेला माती जरा वर आली आहे, जिथं तू जोर दिलास. मी त्यावर माझा हात ठेवला. माझा तळवा तुझ्या अख्ख्या पंज्याला झाकून उरला. तू खरं बोलत होतास. थोबाडीत मला बसायला हवी होती. आई तर गेली, तेव्हा ती आता तूच दे, जेव्हा समोरासमोर भेटू तेव्हा.

(बाहेर आल्यावर बेगोन्या म्हणाली, "काका, दोरीला आरसा बांधून सोडला असता तर वरूनच दिसलं असतं." शिकलेल्या माणसांचं हेच वाईट. अक्कल असते, पण उशिरा येते.)

आता बाहेर यायचं. बेगोन्यानं ओरडून शेजारच्या बासिलिसाकाकूंना बोलावलं. त्या आल्या, आत डोकावल्या, आणि म्हणाल्या, "उर्बानोभाऊ, बापाच्या बरणीत स्वतःचंच लोणचं घातलंत की! मीठ आणू का?" मग त्यांनी गल्लीला बोलावलं. गल्लीनं गावाला बोलावलं. मेलितोन आला, त्याच्याबरोबर दोन दांडगे आले, एस्पार्तो गवताचा दोर काखेतून बांधला आणि ओढला. मी वर गेलो, आणि काठाशी दोन्ही कोपरं अडकली. आत जाताना हात वर होते, बाहेर येताना दोर काखेत म्हणून हात खाली, कोपरं बाहेर. तीनदा ओढलं, तीनदा अडकलो. सालटी तेव्हाच गेली.

एवढ्यात सागरारिओ देवळातून आली. स्वयंपाकघरात अर्धं गाव, आणि सगळे कोपऱ्याकडं तोंड करून. ती पुढं झाली, वाकून बघितलं. मी म्हटलं, "आलीस? काय म्हणाले पाद्रीबुवा?" ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, हाडं शाबूत आहेत का?" मी म्हटलं, "आहेत." तेव्हा तिचा आवाज चढला, "मग आता मी मोडते!"

मेलितोन म्हणाला, "सोमवारचं काम आज करू. घण आणतो." सागरारिओ म्हणाली, "आण." तिला माझी काळजी वाटत होती, ते मला खाली कळत होतं. पण मी म्हटलं, "मी आत असताना घण मारलास तर मी तुकड्यांवर बसून राहीन, उठणार नाही." सागरारिओ म्हणाली, "मग काय जन्मभर तिथंच राहणार?" मी म्हटलं, "जागा वाईट नाही. गार आहे, माझ्या बापाची आहे. वरून बटाट्याचं आमलेट सोड."

सोडलं बरं का. दोरीला डबा बांधून आमलेट, पावाचा तुकडा आणि सुरई. तिनाहेच्या पोटात बसून मी बोतिहोतून पाणी प्यालो. एका मडक्यातून दुसऱ्या मडक्यात, मधल्या मध्ये मी तिसरं.

शेवटी बासिलिसाकाकू म्हणाल्या, "आमची कोंबडी पडली होती तिनाहेत. आम्ही पाणी ओतत गेलो, ती वर येत गेली." मेलितोन म्हणाला, "काकू, कोंबडी तरंगते. काका बुडतात." पण सगळ्यांना पटलं. नळाला बागेची रबरी नळी लावली आणि दुसरं टोक माझ्या डोक्यावर सोडलं. ज्या नळानं तिनाहेला बेकार केलं, तोच तिला भरायला आला. आधी घोटे, मग गुडघे, मग ते थंडगार पाणी अशा ठिकाणी पोचलं की मी सान हुआनला धरून बावीस संतांची नावं घेतली. पोटापर्यंत आलं तेव्हा सगळ्यांना चीर आठवली. तुला आठवतं, पंचेचाळीसच्या... नाही, तू नव्हतास. पंचेचाळीसच्या कडाक्याच्या थंडीत तिनाहेला चीर गेली होती आणि फिरत्या डागवाल्यानं तिला तारेचे सात टाके घातले होते. चार वर्षं कोरडी पडलेली माती. ते टाके टिकतील का, कुणाला ठाऊक नव्हतं. मेलितोन म्हणे बाहेर गुडघ्यावर बसून टाक्यांना हात लावत होता, डॉक्टरसारखा.

टाके टिकले. फक्त तिनाहेला बाहेरून घाम फुटला, नेहमीसारखा. आणि स्वयंपाकघरात ओल्या मातीचा वास सुटला. मी आत होतो, मला वरची तोंडं दिसत नव्हती, पण आवाज बंद झाले ते कळलं. तो वास, लेआंद्रो. आई पहाटे काठावर वाकून पितळी ओगराळं बुडवायची तो वास. पाणक्याचं गाढव दारात उभं राहायचं, चार घागरी ओतल्या जायच्या, आवाज आधी खोल असायचा आणि भरत आलं की वर चढायचा. आपण अंथरुणातून नुसत्या आवाजावरून सांगायचो, किती भरली. मी पाण्यात मानेपर्यंत उभा होतो आणि डोळे मिटून ऐकत होतो. बासिलिसाकाकू नंतर म्हणाल्या की सागरारिओनं तिनाहेच्या पोटाला गाल लावला होता. लहानपणी उन्हाळ्यात लावायची तसा. ती कबूल करत नाही.

मग मी तरंगलो. भिजत घातलेला काबुली चणा वर येतो तसा आलो, हात वर करून, आणि चौघांनी मला ओढून फरशीवर टाकलं. टाळ्या वाजल्या. माझ्या लग्नातही वाजल्या नव्हत्या.

सोमवारी मेलितोन घण खांद्यावर टाकून आला. तिनाहेत डोकावला. काठोकाठ भरलेली. त्यानं घण दाराबाहेर ठेवला, टोपी काढली आणि म्हणाला, "सागरारिओ, भरल्या तिनाहेवर मी घण घालणार नाही. माझी आई थडग्यातून उठून माझ्या कानाखाली वाजवील." सागरारिओ म्हणाली, "मग उपसू आणि ओतून देऊ." म्हणाली खरी, पण बादली हातात घेऊन उभी राहिली. आपल्या गावाचं नावच पोसोसेको, म्हणजे कोरडी विहीर. इथं पेल्यात उरलेला घोट जिरेनियमच्या कुंडीत जातो. आपल्या आईनंच तिला वाढवलं, "पाणी ओतणाऱ्याचा हात वाळतो" हे ऐकत. तिला जमेना. बासिलिसाकाकूंनी तर क्रूसाची खूण केली. मी म्हटलं, "वापरून संपवू." सागरारिओ म्हणाली, "ज्यात बाप विजारीसकट भिजला ते पाणी कोण पिणार?" तेव्हा असं ठरलं की ते कोंबड्यांना, कुंड्यांना आणि अंगणात शिंपडायला वापरायचं, रोज दोन बादल्या, आणि संपलं की मेलितोन येईल. तिनं आतल्या काठावर पाण्याच्या पातळीशी कोळशाची रेघ ओढली आहे. बासिलिसाकाकूही एक कळशी घेऊन गेल्या. म्हणतात, "उर्बानोच्या काढ्यानं माझी तुळस कशी डवरते बघाच."

असो. माझं कोपर दुखायला लागलं, आता थांबतो. आमची दोघांची एवढीच खबर. सांभाळून राहा, उन्हात फिरू नकोस, आणि माझ्या चुका पदरात घे.

तुझा भाऊ,
उर्बानो

ता. क. खडकाच्या त्या खळग्याचं खरं आहे का? तू एकोणचाळीस वर्षांत कधी लिहिलं नाहीस. तू त्यातून प्याला आहेस का? पाण्याला कशाची चव लागते? आणि पहिल्यांदा कुणाच्या तोंडून तो शब्द ऐकलास तेव्हा तुला काय वाटलं? बेगोन्याला वहीत लिहायचं आहे. (तिला नाही. मला.)

ता. क. दुसरा. कोपरं अडकली नव्हती. मी ती फाकवून धरली होती. आत उतरवलेली पोरं तिनाहेतून बाहेर काढण्याचा जन्मभराचा अनुभव मला आहे, हात कसे धरायचे ते मला ठाऊक आहे. पण पंजा बघितल्यावर मला इतक्यात बाहेर यावंसं वाटेना. कोंबडीची गोष्ट मीच बासिलिसाकाकूंना वीस वर्षांपूर्वी सांगितली होती, त्यांना ती स्वतःची वाटते. आतून तीनदा "क्लक्" असा आवाज काढला तेव्हा कुठं त्यांना आठवली.

ता. क. तिसरा. दुपारी सागरारिओ वामकुक्षीला आडवी झाली की मी नळाखाली दोन बादल्या भरून तिनाहेत ओततो. पाणी रेघेखाली उतरत नाही. पोरीला वाटतं आहे की जुन्या मातीत पाणी आटत नाही. तर लेआंद्रो, ऐक. आता लढाईत हरलेल्यांसाठी माफीचा कायदा झाला, निवडणुका झाल्या, तुझ्या नावाची फाइल कुणी उघडणार नाही, मी टाउन हॉलात जाऊन विचारून आलो. पुढच्या वर्षी नको. द्राक्षतोडणीला ये. तू आलास की मी ओतणं थांबवीन. पाणी तुझ्या पंज्याखाली उतरलं की तुला आरसा धरून दाखवीन. तू अजून बारीक असशील तर उतरवीनही, दोर आहे. हात ठेवून बघ. मग मेलितोनला आपण दोघं मिळून बोलावू.

ता. क. शेवटचा. जरा लवकर ये. सागरारिओला सांगू नकोस, पण मला ते न्हाणीघर हवं आहे. जानेवारीत परसात जाणं आता माझ्यानं होत नाही.

*

काका, मी सागरारिओ. पाकिटावर पत्ता मी लिहिते, म्हणून बाबांची पत्रं मी वाचते. त्यांना वाटतं मी फक्त डिंक लावते. बादल्यांचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, वामकुक्षीनंतर त्यांची विजार ओली असते. मेलितोनला मीच सांगून ठेवलं आहे, द्राक्षं झाल्याशिवाय इकडं फिरकू नकोस. बाबा बादली उचलताना आता दोनदा थांबतात. येणार असाल तर तार करा. येणार नसाल तर काहीच लिहू नका. टपाल वाटेत हरवतं, यावर त्यांचा विश्वास आहे.